पडद्यामागचे बटण

माझ्या पहिल्या गणिताच्या गोष्टीत एका उंदराला दहा बटणे सापडतात. ती गोष्ट मी पाच वर्षांच्या एका मुलीला वाचून दाखवत होते. ‘उंदराने मोजली, तर बटणे भरली दहा’ हे वाक्य मी ठसक्यात वाचले आणि पान उलटणार, तेवढ्यात तिने पानावर हात ठेवला. चित्रातल्या एकेका बटणावर बोट टेकवत तिने सावकाश मोजले आणि म्हणाली, ‘‘ताई, नऊच आहेत.’’ मीही मोजून पाहिले. नऊच होती. दहावे बटण चित्रकाराने पडद्याच्या घडीमागे काढले होते आणि त्याची जेमतेम कड दिसत होती. मजकूर माझा होता आणि चित्रे मीच तपासली होती. बटणे मात्र मी मोजली नव्हती. दहा असे लिहिले आहे म्हणजे दहा असणारच, असे मी धरून चालले होते. तिने तसे धरले नाही.

त्याआधीची बरीच वर्षे मी वरच्या वर्गांना बीजगणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होते. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी गणित-विज्ञानाचे पाठ आणि त्यांच्या जोडीला गोष्टींची पुस्तके तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा वर्गसमीकरणे शिकवणाऱ्या बाईला दहापर्यंतचे आकडे शिकवणे काय अवघड, अशीच माझी समजूत होती. पहिल्या दोन महिन्यांत मी सहा गोष्टी हातावेगळ्या केल्या. उंदराची गोष्ट सोडली तर त्यांतली एकही आज शिल्लक नाही, आणि उंदराचीही तीनदा नव्याने लिहावी लागली.

त्या गोष्टींमध्ये काय बिघडले होते, ते मला एका सशाच्या गोष्टीने दाखवून दिले. ससा रानात जातो, त्याला तीन खारी भेटतात, पुढे आणखी दोन भेटतात, आणि मग मी विचारते, ‘‘सशाला एकूण किती खारी भेटल्या?’’ मुले ‘‘पाच’’ म्हणाली. पण लगेच एकाने विचारले, ‘‘मग त्या खारी गेल्या कुठे?’’ आणि गोष्टीत त्याचे उत्तर नव्हते, कारण खारी तिथे फक्त बेरजेपुरत्या आणलेल्या होत्या. सशाला पाच या संख्येची काहीच गरज नव्हती. त्याला खारी सात भेटल्या असत्या तरी त्याच्या दिवसात काडीचाही फरक पडला नसता. लहान मुलांना ही लबाडी फार लवकर कळते. गोष्ट थांबवून ताई आता आपली परीक्षा घेणार, हे त्यांच्या चेहऱ्यांवर मला स्पष्ट दिसत होते. त्यानंतर प्रत्येक खर्डा पुढ्यात घेऊन मी स्वतःला विचारू लागले की या गोष्टीत ही संख्या कोणाला हवी आहे, आणि ती चुकली तर कोणाचे काय अडणार आहे. याला उत्तर नसले की तो खर्डा बाजूला पडत असे.

त्या कसोटीला उतरलेली पहिली गोष्ट होडीची होती. नऊ प्राण्यांना नदीपलीकडे जायचे आहे आणि होडीत एका वेळी चारच जण मावतात. पहिल्या खेपेत चार जातात, दुसऱ्या खेपेत चार जातात, आणि काठावर एकटे पिल्लू उरते. भागाकारातली बाकी मी आयुष्यभर फळ्यावर एका कोपऱ्यात लिहीत आले; इथे ती बाकी रडवेल्या चेहऱ्याने काठावर उभी होती आणि तिच्यासाठी होडीला तिसरी खेप घालावीच लागणार होती. सव्वादोन खेपा असे उत्तर या गोष्टीत कोणी देऊच शकत नाही. मुलांनी खडे आणि आगपेटीचे रिकामे खोके घेऊन खेपा करून पाहिल्या. त्यातच सहा वर्षांच्या एका मुलाने मला पेचात टाकले: ‘‘सगळे उतरून गेले, तर होडी परत कोण आणणार?’’ हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. मग मी एक कासव नावाडी केले आणि ‘कासव सोडून चार’ असे वाक्य घातले.

मोजण्याच्या पाठांनी माझा अधिक वेळ घेतला. ‘आमच्या मुलाला वीसपर्यंत येते’ असे आईवडील सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा त्याला वीस शब्द क्रमाने म्हणता येत असतात. मी ताटलीत पंधरा बटणे ठेवून चार वर्षांच्या एका मुलाला म्हटले, ‘‘मला पाच दे.’’ त्याने मूठभर उचलून दिली. ‘‘ही पाच आहेत का?’’ असे विचारल्यावर त्याने एक ते सातपर्यंत अगदी बरोबर मोजले आणि समाधानाने म्हणाला, ‘‘हो.’’ त्याच्या मोजण्यात चूक नव्हती. शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे सगळ्या गटाची संख्या, हा दुवा अजून जोडला गेला नव्हता, इतकेच. मानसशास्त्रज्ञ करेन विन यांनी १९९० साली नेमका हाच ‘अमुक इतके दे’ असा प्रकार वापरून दाखवले होते की मुलांना आधी ‘एक’चा अर्थ लागतो, काही महिन्यांनी ‘दोन’चा, मग ‘तीन’चा, आणि त्यानंतर कधीतरी, साधारण साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास, मोजण्याची सगळी युक्तीच एकदम उमगते. त्याआधी १९७८ मध्ये रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल यांनी मोजण्यातली पाच तत्त्वे मांडली होती: एका वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम ठरलेला, शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या, कोणत्याही वस्तू मोजता येतात, आणि मोजायला कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर बदलत नाही. हे मी वाचलेले होते. तरीही त्या मुलाचा तो समाधानी ‘हो’ ऐकेपर्यंत मी पाठांमध्ये ‘किती ते मोज’ हाच प्रश्न जागोजागी लिहून ठेवला होता, आणि त्या प्रश्नाला तो मुलगा बरोबर उत्तर देऊन सुटला असता. तो प्रश्न मी जवळपास सगळीकडून काढला आणि त्याच्या जागी ‘आणून दे’ आले. दाराबाहेर उभ्या असलेल्या मुंगीसाठी मोजे आणून दे. एकाच फेरीत, ना कमी ना जास्त. मोजे कमी पडले, तर मुंगी कुरकुर करते.

उंदराच्या गोष्टीला मांजर मिळाले ते मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या एका प्रसिद्ध प्रयोगावरून. सारख्या संख्येच्या दोन ओळी समोरासमोर मांडायच्या, मुलाकडून त्या सारख्या असल्याचे वदवून घ्यायचे, मग त्याच्यादेखत एक ओळ पसरवायची आणि पुन्हा विचारायचे. सहा-सात वर्षांच्या आतली बरीच मुले लांब ओळीत जास्त आहेत असे सांगतात. मीही हे करून पाहिले आणि माझ्याही मुलांनी तेच सांगितले. परंतु १९७० च्या दशकात जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी या प्रयोगात एक खोडकर टेडी अस्वल आणले. ओळ मोठ्या माणसाने न पसरवता त्या अस्वलाने येऊन विस्कटली, तेव्हा चार ते सहा वर्षांच्या कितीतरी अधिक मुलांनी ‘सारखीच आहेत’ असे बरोबर सांगितले. सुसान रोझ आणि मॅरिअन ब्लँक यांनी १९७४ मध्ये याच प्रयोगाची आणखी एक बाजू पाहिली होती: तोच प्रश्न आधी आणि नंतर असा दोनदा न विचारता एकदाच विचारला, तर मुले कमी चुकतात. मोठे माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारते, याचा मुलांच्या लेखी एकच अर्थ असतो, तो म्हणजे आपले पहिले उत्तर चुकले.

हे वाचून मी जरा वेळ गप्प बसले, कारण वर्गात तोच प्रश्न पुन्हा विचारण्याची सवय मला वर्षानुवर्षांची होती. ‘नक्की?’ हा माझा आवडता शब्द होता. त्या शब्दाने किती जणांची बरोबर उत्तरे खोडली गेली असतील, कोण जाणे. पुढच्या खर्ड्यात उंदराची बटणे मांजराच्या शेपटीने विस्कटली आणि उंदीर घाबरून विचारू लागला, ‘माझे एखादे बटण गेले तर नाही ना?’ आता ती संख्या उंदराला खरोखरच हवी होती. मुले त्याला धीर देत होती: ‘‘अरे, नुसती पसरलीत, गेली कुठेच नाहीत.’’ दोन-तीन मुलांनी तरीही पुन्हा मोजून पाहिले. मी त्यांना मोजू दिले.

दोन अंकी संख्यांकडे वळल्यावर आपल्या भाषेने माझी वाट अडवली. ‘सत्तेचाळीस’ ऐकताना मुलाच्या कानावर आधी सात येतात आणि मग चाळीस. लिहायचे मात्र आधी चार आणि मग सात. त्यामुळे ७४ लिहिणारी मुले मला भरपूर भेटली. पण वहीपेक्षा हाताकडे पाहायला लागल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. काही मुले आधी सात लिहून, मग त्याच्या डावीकडे जागा काढून चार लिहीत होती. वहीत ४७ बरोबर दिसत असे आणि गडबड लपून जात असे. ‘एकोण’ची तर वेगळीच कथा आहे. ‘एकोणपन्नास’ ऐकल्यावर पन्नास तेवढे पकडून ५९ लिहिणे अगदी सर्रास घडते. त्या शब्दात ‘एक उणे पन्नास’ असे लपले आहे, हे मी मण्यांच्या माळेवर दाखवले: पन्नास मण्यांची माळ, आणि टोकाचा एक मणी मुठीत झाकलेला. मुलांना हा झाकण्याचा खेळ फारच आवडला. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी करत आम्ही एकोणनव्वदपर्यंत पोहोचलो आणि एका मुलीने शंभर मण्यांच्या माळेचा शेवटचा मणी झाकून आनंदाने आरोळी ठोकली, ‘‘एकोणशंभर!’’ भाषेने तिथे ‘नव्व्याण्णव’ म्हणून नियम मोडला आहे, त्याला तिचा इलाज नव्हता. तिचा तर्क बिनचूक होता आणि ते मी तिला सांगितले. मगच खरा शब्द सांगितला. तिने तो थोड्या नाराजीनेच स्वीकारला.

दशकासाठी आम्ही काड्यांच्या जुड्या केल्या होत्या, दहा काड्यांची एक जुडी आणि तिला रबर. पाठात मी ‘सत्तेचाळीस, म्हणजे चाळीस आणि सात’ असे दोन्ही म्हणायचे, असे घालून घेतले. जुड्या चार, सुट्ट्या काड्या सात. खरी पंचाईत झाली ती बेरजेत. ‘हातचा एक’ असे मी सवयीने म्हणून गेले आणि समोरच्या मुलाने माझ्या दोन्ही हातांकडे पाहिले. ‘‘कुणाच्या हातातला?’’ त्याने विचारले. इतकी वर्षे तो शब्द मी वापरला, पण त्यात हात आहे हे मला कधी जाणवलेच नव्हते. तेव्हापासून सुट्ट्या काड्या दहा झाल्या की मूल त्यांची जुडी बांधते, ती खरोखर हातात धरून दशकाच्या घरापर्यंत चालत जाते आणि तिथे ठेवते. वजाबाकीत सुट्ट्या काड्या कमी पडल्या की रबर सोडून जुडी मोडायची. रबर सोडताना काड्या सगळ्या खोलीभर होतात, त्या गोळा कराव्या लागतात, पाठ दहा मिनिटे लांबतो. मला त्याची हरकत वाटत नाही.

बरोबरच्या चिन्हावर मी गोष्ट लिहिली नाही, तराजूचा पाठ लिहिला. ‘७ = ३ + ४’ असे लिहिलेले पाहून ‘‘हे उलटे लिहिलेय’’ असे सांगणारी मुले पाहिली की कळते, त्यांच्या लेखी ते चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ असा हुकूम असतो. गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये हे चिन्ह पहिल्यांदा वापरले, तेव्हा दोन समांतर रेघा घेण्याचे कारणच असे दिले होते की याहून अधिक सारख्या दोन गोष्टी असू शकत नाहीत. तराजूच्या दोन पारड्यांना डावे-उजवे सारखेच असते, त्यामुळे तिथे उलटसुलट काही उरत नाही. लांबी मोजण्याचे पाठ सरळ पार पडले. पट्टीवर शून्याऐवजी एकापासून मोजायला सुरुवात करण्याची चूक तेवढी प्रत्येक गटात दिसली.

विज्ञानाच्या पुस्तकांत माझी गाठ चित्रकाराशी पडली. तो उत्तम चित्रकार आहे आणि त्याचा संयमही मोठा आहे, नाहीतर आमचे काम मध्येच मोडले असते. सावलीच्या पुस्तकाची पहिली चित्रे आली, तेव्हा वरच्या उजव्या कोपऱ्यात हसरा सूर्य होता आणि झाडाची सावलीही उजवीकडेच पडलेली होती. मी दाखवताच त्याने कपाळावर हात मारला. दुसऱ्या पानावर मुंगी होती. तिला पाय सहाच होते, पण दोन डोक्याला, दोन मधल्या भागाला आणि दोन मागच्या फुगीर भागाला, असे सगळीकडे समान वाटून दिलेले. मुंगीचे सहाही पाय मधल्या भागालाच जोडलेले असतात. भिंग घेऊन आम्ही दोघांनी दारातली मुंगी पाहिली, तेव्हा तो म्हणाला, ‘‘मी चाळीस वर्षे मुंग्या काढतोय आणि एकदाही पाहिली नव्हती.’’

चंद्रावर मात्र तो अडून बसला. त्याच्या चित्रात मध्यरात्री घराच्या छपरावर बारीक चंद्रकोर होती आणि कोरीच्या दोन टोकांच्या मध्ये एक चांदणी लुकलुकत होती. कोरीच्या आतला काळा भाग म्हणजे मोकळे आकाश नव्हे, तिथेही चंद्रच असतो, फक्त उजेड पडलेला नसतो. त्यामुळे तिथे चांदणी दिसणे म्हणजे चंद्राला भोक पडणे. हे त्याला लगेच पटले. पण बारीक कोर मध्यरात्री डोक्यावर नसते, ती सूर्यास्तानंतर थोडा वेळ पश्चिमेला किंवा पहाटे सूर्योदयापूर्वी पूर्वेला दिसते, यावर तो म्हणाला, ‘‘अहो, कोर काढली की रात्र आहे हे मुलांना लगेच कळते. पूर्ण गोल काढला तर सूर्य वाटेल.’’ त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. चित्राचीही एक लिपी असते आणि मुले ती शिकलेली असतात. शेवटी आम्ही त्याच पुस्तकात एक पान वाढवले, ज्यात भर सकाळी निळ्या आकाशात फिकट चंद्र आहे आणि मजकूर काहीच नाही. त्या पानावर मुले हमखास थांबतात आणि चित्रकाराची चूक झाली असे सांगतात. मग त्यांना बाहेर नेऊन चंद्र दाखवायला योग्य दिवस यावा लागतो, आणि तो दरवेळी हाताशी असतोच असे नाही.

पृथ्वी गोल आहे, हे पुस्तक मी अर्ध्यावर सोडले. स्टेला वोस्नियादू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांनी पृथ्वी गोल सांगितली होती, पण त्यांच्या मनात ती पोकळ चेंडूसारखी होती आणि माणसे आत सपाट जमिनीवर उभी होती. इतरांनी दोन पृथ्व्या कल्पिल्या होत्या, एक आपल्या पायाखालची सपाट आणि दुसरी आकाशातली गोल. माझ्या गटातल्या एका मुलाने ताटलीसारखा गोल काढून त्याच्या काठाला कुंपण घातले, पडू नये म्हणून. ऐकलेले आणि दिसणारे यांची सांगड घालण्याचा तो किती प्रामाणिक प्रयत्न होता! सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी त्यात मी आणखी एका पुस्तकाची भर घालणे मला योग्य वाटले नाही. सावलीचे पुस्तक त्यांना पुरेसे आहे, कारण सावली स्वतः आखता येते. जमिनीवर खडूने पावलांची खूण करायची, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी त्याच खुणेवर उभे राहून कोणीतरी सावलीची कड आखायची. एक मुलगी संध्याकाळी आपली सकाळची रेघ पाहून खडूवाल्या मित्रावर रागावली होती. तिच्या मते त्याने रेघ भलत्याच बाजूला काढली होती. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या रेघा स्वतः आखून घेतल्या. दुपारची सावली एवढीशी झालेली पाहून ती काही बोलली नाही, फक्त दोनदा उडी मारून पाहिली.

प्राण्यांना बोलायला लावावे की नाही, यावर माझे मत मध्येच बदलले. उंदीर बटणे मोजतो तिथे काही बिघडत नाही, कारण तिथे विषय बटणांचा आहे. पण मुंगीच्या जगण्याविषयीच्या पुस्तकात मी मुंगीला आई, शाळा आणि दप्तर देऊन ठेवले होते. पॅट्रिशिया गनिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना अनोळखी प्राण्यांविषयीची पुस्तके वाचून दाखवली होती. ज्या पुस्तकांत प्राणी माणसासारखे बोलत आणि वागत होते, ती ऐकणारी मुले खऱ्या प्राण्यांनाही माणसाचे गुण चिकटवत होती आणि खरी माहिती कमी शिकत होती. मी दप्तर काढले, शाळाही काढली. पुस्तक निम्मे झाले आणि बरे झाले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासाने मला उलट धीर दिला. डेबोरा केलेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका काल्पनिक प्राण्याचे छोटेसे चित्रपुस्तक तयार केले होते. त्या प्राण्यांचे खाद्य जमिनीखालच्या अरुंद बिळांत जाते, बारीक सोंडेच्या प्राण्यांना ते मिळते, त्यांना अधिक पिल्ले होतात, आणि पिढ्यांमागून पिढ्या जाऊन बारीक सोंडेचेच प्राणी जास्त दिसू लागतात. पाच ते आठ वर्षांच्या मुलांना त्या पुस्तकातून नैसर्गिक निवडीचे मूळ सूत्र कळले, आणि तीन महिन्यांनीही ते त्यांच्या लक्षात होते. कल्पनेला मज्जाव नव्हता तर. कार्यकारणाची साखळी तेवढी खरी हवी होती.

माझी सर्वांत जास्त मोडतोड झाली ती बुडण्या-तरंगण्याच्या पुस्तकात. गोष्ट साधी होती: खेळण्यांची पेटी तळ्यात उपडी होते आणि एकेक खेळणे पाण्यात पडते. उजव्या पानावर खेळणे पडताना आणि ‘…आणि मग?’ एवढाच मजकूर, पान उलटले की बुडाले की तरंगले याचे उत्तर. चाचणी वाचनात मुलांनी पहिल्या दोन पानांपर्यंत अंदाज केले आणि मग सरळ पुढचे पान उलटून उत्तर सांगू लागली. त्यांचे काही चुकत नव्हते. उत्तर पुढच्याच पानावर असताना विचार कशाला करायचा? मी उत्तरांची सगळी पाने काढून टाकली. आता पुस्तकात फक्त पडणाऱ्या वस्तू आहेत आणि त्याच वस्तू एका पिशवीत आहेत. जवळ पाण्याचा टब. पुस्तक हाती आल्यावर एका पालकांनी मला कळवले की त्यांच्या प्रतीत निम्मी पाने बांधायची राहून गेली आहेत.

टबाजवळचा पाठ मी आठ-दहा वेळा घेतला असेन. ‘जड ते बुडते’ किंवा ‘मोठे ते बुडते’ हे मुलांचे अंदाज लाकडाच्या ठोकळ्याने आणि टाचणीने मोडतात, तिथपर्यंत सगळे सुरळीत चालते. मग मातीची गोळी येते. खेळण्याची मऊ माती गोळी करून टाकली की बुडते, त्याच मातीची वाटी करून ठेवली की तरंगते. ‘‘का?’’ मी विचारले. ‘‘कारण आता ती होडी झाली,’’ उत्तर आले. होड्या तरंगतात, ही होडी आहे, म्हणून तरंगते. या तर्कात आत शिरायला फटच नव्हती आणि मी त्या दिवशी पाठ तिथेच गुंडाळला. पुढच्या वेळी मी होडीच्याच आकाराचा, पण आतून भरीव असा मातीचा तुकडा करून नेला. तो दिसायला वाटीपेक्षाही जास्त होडीसारखा होता. तो बुडाला, तेव्हा टबाभोवती एकदम शांतता पसरली. मग सपाट पोळा करून टाकला, तोही बुडाला. कडा वर वळवल्या, तरंगला. भोक पाडले, हळूहळू पाणी भरून बुडाला. साडेसहा वर्षांची एक मुलगी शेवटी म्हणाली, ‘‘आत रिकामे पाहिजे. आणि रिकामे बाहेर जाता कामा नये.’’ घनता हा शब्द मी उच्चारलाही नाही, आणि उच्चारला असता तर तिच्या वाक्यापेक्षा कमीच सांगितले गेले असते.

याचा अर्थ मी सगळे मुलांनाच शोधायला लावते, असा मात्र नाही. तो उत्साह मला काही महिन्यांतच सोडावा लागला. सातला सात का म्हणायचे, बरोबरचे चिन्ह कोणते, मुंगीच्या मधल्या भागाला वक्ष म्हणतात, हे कोणी शोधून काढू शकत नाही. ते सरळ सांगावे. न सांगता ‘तूच विचार कर’ म्हणत बसणे हा मुलांचा छळ आहे. पाण्यात काय बुडते ते मात्र पाणी सांगते, आणि तिथे मी तोंड मिटून ठेवते. दोन्हींची सरमिसळ झाली की पाठ फसतो, आणि माझे बरेच पाठ त्यानेच फसले होते.

उंदराच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना चित्रकाराने पडद्यामागचे बटण बाहेर काढायची तयारी दाखवली. मी नको म्हटले. त्याऐवजी ‘बटणे भरली दहा’ हे वाक्य काढले आणि ‘उंदीर म्हणाला दहा. तुला किती दिसतात?’ असे घातले. काही मुले नऊवर थांबतात आणि उंदराला मोजता येत नाही असा निकाल देतात. काहींना बटणाची कड सापडते. एकाने पान उजेडाकडे धरून मागच्या बाजूने पडद्यामागे डोकावून पाहिले होते.

शून्याचे पुस्तक अजून व्हायचे आहे. त्याचे चार खर्डे झाले. शेवटच्या खर्ड्यात घरट्यात तीन पिल्ले आहेत, पंख फुटतील तशी ती एकेक उडून जातात. दोन उरतात, एक उरते, मग रिकामे घरटे. मी विचारले, ‘‘आता घरट्यात किती पिल्ले आहेत?’’ ‘‘नाहीत,’’ असे उत्तर आले. ‘‘म्हणजे किती?’’ मी विचारले. पाच वर्षांच्या त्या मुलाने माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. ‘‘ताई, नाहीतच,’’ तो म्हणाला, ‘‘मग किती कसे विचारता?’’ पुढच्या खर्ड्यात घरट्याऐवजी एक पाटी आहे, जिच्यावर पक्षीण रोज पिल्लांची संख्या लिहिते, आणि शेवटच्या दिवशी पाटी कोरी ठेवावी तर तिला वाटते, आज आपण लिहायलाच विसरलो की काय. तिला तिथे काहीतरी लिहायची गरज आहे, एवढे तरी आता गोष्टीत आले आहे. येत्या आठवड्यात तो वाचून पाहायचा आहे.